पायांनी पारखलेलं गाव

आमच्या घरात तिला फौजदार म्हणतात. बोलता यायला लागलं तेव्हापासून कोणी कुठे बसायचं, कोणाची छत्री दारात आडवी का, मोठ्यांनी जेवताना भांडायचं की जेवण झाल्यावर, हे सगळं तीच ठरवत आली आहे. ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण आणि मेहुणे दोघंही गेले. आता तिचं म्हणावं असं माणूस म्हणजे तिचा मोठा भाऊ, त्याची बायको आणि मी. लग्न तिनं केलं नाही. का नाही, हे विचारायची आमची कोणाची हिंमत झाली नाही, आणि बाहेरच्या ज्या बायकांची झाली त्यांना मिळालेलं उत्तर इथं लिहिण्यासारखं नाही.

कामानं ती बाइंडर. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायच्या, त्या ओळीनं रचायच्या, दोऱ्यानं शिवायच्या, पाठीला खळ लावायची, वाळलं की पुठ्ठा चढवायचा. एका छापखान्याच्या मागच्या खोलीत तिनं उभी हयात हे केलं. लोकांना वाटतं पुस्तक लिहिलं की झालं. तिच्या हाताखालून न गेलेलं पुस्तक म्हणजे नुसता सुट्या कागदांचा गठ्ठा.

चाळिशी उलटल्यावर तिचे डोळे जायला लागले. आधी अंधारात दिसेनासं झालं. मग बाजूचं दिसेना. समोरचं दिसायचं, पण नळीतून बघावं तसं, आणि नळी दर वर्षी बारीक होत चाललेली. डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले होते. ते डॉक्टर मला आवडले, कारण त्यांनी कोपराला गूळ लावला नाही.

"हे थांबत नाही," ते म्हणाले.

"किती वेळ आहे?" फौजदारानं विचारलं.

"सांगता येत नाही. कोणाचं लवकर जातं, कोणाचं रेंगाळतं. पण जाणार हे धरून चाला."

बाहेर आल्यावर ती रडेल म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता. ती म्हणाली, "धरून चाला म्हणे. काय धरून चालू, ते नाही सांगितलं." आणि रिक्षा थांबवायला लागली.

तिचं शहर तिला पाठ होतं. घर ते छापखाना ती डोळे मिटून जाऊ शकत होती, आणि पुढे तेच करायचं आहे असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. पण शहरानं ऐन वेळी दगा दिला. रस्ता रुंद करायचं निघालं. फूटपाथ उखडले, वर पूल येणार म्हणून खांबांचे खड्डे खणले, पत्रे ठोकून वाटा बंद केल्या. आज इथून जा, उद्या तिथून. एका संध्याकाळी ती कामावरून येताना स्वतःच्याच दारासमोर खड्ड्यात पडली. सकाळी निघताना तो खड्डा तिथं नव्हता. मजुरांनी वर काढलं. मनगट मोडलं नाही हे नशीब, कारण तिचं पोट मनगटावर.

मी पोचले तेव्हा हाताला पट्टी बांधून ती पलंगावर बसली होती. भाऊ आणि वहिनी आधीच आले होते. खोलीत तिघंही उभी राहिल्यासारखी बसली होती.

"मावशी, तुम्हीच सांगा हिला," वहिनीनं सुरुवात केली. "आमच्याकडे खोली रिकामी आहे. बघू ना काहीतरी…" आणि एकदम जीभ चावली.

"अगं म्हण की बघू," फौजदार म्हणाली. "तो शब्द काय मी विकत घेतलाय?"

भाऊ तिच्यापेक्षा मोठा, पण आयुष्यभर तिला वचकून राहिलेला. त्या दिवशी मात्र त्याचा आवाज चढला. "हे घर पाडणार आहेत. रस्त्याच्या रेषेत आलंय. महिनाअखेर खाली करायचंय. कुठे जाणार आहेस तू? माझ्या घरात काय वाघ बसलाय?"

"वाघ नाही. खुर्ची बसली आहे."

"कसली खुर्ची?"

"खिडकीजवळची. मला त्या खुर्चीत बसवाल. सकाळी वहिनी चहा आणून देईल, संध्याकाळी तू फिरवून आणशील. वर्षभरानं मला दारापर्यंत जायचं तरी कोणाला तरी हाक मारावी लागेल. दादा, मला आंधळं व्हायची भीती नाही वाटत. ते होणारच आहे. मला त्या खुर्चीची भीती वाटते."

भावाला लागलं होतं, आणि ते खरं होतं म्हणून जास्त लागलं होतं.

मग तिनं आपलं फर्मान काढलं. शहर सोडायला ती तयार आहे. पण गाव ती निवडेल. खोली ते काम आणि काम ते खोली, ही वाट तिला डोळे बांधून, एकटीनं जाता यायला हवी. अजून दिवसा थोडं दिसतंय तोवरच नवं गाव पायांना शिकवता येईल, नंतर नाही. आणि असं गाव महिनाअखेरपर्यंत सापडलं नाही तर ती मुकाट्यानं भावाकडे जाईल.

"मुकाट्यानं?" भावानं विचारलं.

"बरं, बडबडत जाईन. पण जाईन."

"आणि हे डोळे बांधून फिरणं कोण सांभाळणार?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी निवृत्त, गुडघे शाबूत, आणि तोंड बंद ठेवायची सवय नाही. तिनं मला एकच अट घातली: मागून चालायचं, पण हात लावायचा नाही आणि बोलायचं नाही. जीव जायची वेळ आली तरच. मी कबूल झाले. तोंड बंद ठेवणं हे माझ्यासाठी काय आहे ते मला ओळखणारे समजतील.

पहिलं गाव अर्थातच भावाचं. त्यानं हट्टच धरला: निदान पाहा तरी. नवी वसाहत, सरळ रुंद रस्ते, दोन्हीकडे हिरवळ, गाड्या तुरळक, धूळ नाही, गोंगाट नाही. भावाच्या ओळखीचा छापखानाही जवळच होता आणि त्यांना हातानं शिवणारं माणूस हवं होतं. मला तर वाटलं, संपलं, हेच गाव. म्हातारपणी मीही इथं राहीन.

फौजदारानं आधी ती वाट उघड्या डोळ्यांनी दोन-तीनदा चालून घेतली. मग डोळ्यांवर स्कार्फ घट्ट बांधला, काठी हातात घेतली आणि निघाली. रस्ता सरळ होता तोवर ठीक चाललं. पुढे एक मोठा चौक होता, मध्ये बाग, भोवती गोल रस्ता. त्या मोकळ्यात शिरली आणि तिची चाल बदलली. काठी डावीकडे टेकवावी तर काही नाही, उजवीकडे काही नाही. भिंत नाही, कट्टा नाही, दुकान नाही, कोणाचा आवाज नाही. ती सरळ चाललेय समजून हळूहळू वळत होती. मला दिसत होतं, तिला कळत नव्हतं. बागेला जवळजवळ पूर्ण वळसा घालून ती निघाली होती तिथंच परत आली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. तेवढ्यात एक विजेवरची स्कूटर तिच्या अंगाला घासून गेली, अजिबात आवाज न करता. चालवणारी मुलगी ओरडली तेव्हा फौजदार दचकून दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. तिला असे हात करताना मी कधी पाहिलं नव्हतं. लहान मूल पडताना करतं तसे.

भाऊ धावत गेला आणि त्यानं तिचा दंड धरला. "सांगत होतो ना! आम्ही आहोत की हात धरायला."

"तोच तर घोळ आहे," ती म्हणाली. तिनं दंड सोडवून घेतला आणि स्कार्फ काढला. "तुझं गाव छान आहे दादा. पण त्यात धरायला तू सोडून काहीच नाही."

रात्री वहिनी मला स्वयंपाकघरात म्हणाली, "मावशी, एवढा हट्ट बरा नव्हे." मी म्हटलं, "बाई, तू तिला बदलू पाहतेस का? मी पाहिलं आहे करून. त्यापेक्षा गुडघे गेले असते तर परवडलं असतं, एवढा त्रास झाला."

दुसरं गाव तिनं स्वतः शोधलं. छापखान्यातल्या एका जुन्या कारागिरानं तिथं स्वतःचं बाइंडिंगचं दुकान काढलं होतं. फोन केला तर तो म्हणाला, "या की. तुमचे हात मला ठाऊक आहेत." गाव सपाट, जुनं. बाजाराच्या एका लांब रस्त्याला दोन्ही बाजूंनी दुकानांसमोर छपराखालचे ओटे सलग गेलेले. एका बाजूला दुकानांची भिंत, दुसऱ्या बाजूला खांबांची रांग, म्हणजे बोगदाच. त्या टोकाला बाइंडरचं दुकान आणि या टोकाला, बेकरीच्या माडीवर, भाड्याची खोली.

आम्ही गेलो तेव्हा सगळं कसं निवांत होतं. तिनं स्कार्फ बांधला आणि सुटली. सुटली हाच शब्द. काठी खांबांवर टकटक करत, हात भिंतीच्या दगडावरून फिरवत ती अशी गेली की मला मागे धाप लागली. टोकाला पोचून तिनं बाइंडरच्या दाराची कडी वाजवली. परत येताना बेकरीच्या पावाचा वास आल्यावर एकदम थांबली आणि जिन्याकडे वळली. स्कार्फ काढला तेव्हा चेहरा उजळला होता.

"झालं!" ती म्हणाली. "मावशी, झालं! दादाला फोन लाव."

मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण बेकरीवाल्याकडे चहा पिताना तो सहज म्हणाला, "आज बाजाराची सुट्टी ना, म्हणून असं वाटतंय. एरवी बघा म्हणजे."

मी कप खाली ठेवला. "आज सुट्टी आहे?"

"आठवड्याची. सगळं बंद."

मी फौजदाराकडे वळले. "मग हे गाव आपण बघितलंच नाही. उद्या थांबू."

"काही गरज नाही," ती म्हणाली.

"अगं, दुकानं उघडली की…"

"मावशी, तुला खोट काढल्याशिवाय चैनच पडत नाही. सापडलंय ना गाव? मग सापडू दे!"

बेकरीवाला आत निघून गेला. तिचा आवाज चढला होता आणि त्यात राग नव्हता. भीती होती. महिना संपत आला होता, घर पाडायची नोटीस दाराला चिकटली होती, आणि बहुतेक त्या दिवसांत नळी आणखी आवळली होती. ती सांगत नव्हती, पण कप उचलताना तिचा हात आधी टेबलावर शोधत होता. मी म्हटलं, "उद्या चालून दाखव. मग मी स्वतः तुझ्या खोलीची किल्ली घेते." ती माझ्याशी त्यानंतर रात्रभर बोलली नाही.

सकाळी बाजार उघडला आणि तो कालचा बोगदा नाहीसाच झाला. ओट्यांवर पोती, पिंपं, प्लास्टिकच्या खुर्च्यांचे मनोरे, तारांची भेंडोळी. खांबाखांबाला सायकली टेकवलेल्या. कुठेतरी जनरेटर धडधडत होता आणि त्याच्यापुढे माणसाचा आवाजही ऐकू येत नव्हता. मला वाटलं आता ती समजेल आणि स्कार्फ पिशवीत टाकेल. तिनं बांधला.

पहिल्या काही दुकानांपर्यंत ती गेली. मग काठी तारेच्या भेंडोळ्यात अडकली. ती सोडवायला वाकली तर डोकं एका लोखंडी शिडीवर आपटलं. कपाळातून रक्त आलं. दुकानदार ओरडला, "अहो बाई, डोळे आहेत का नाहीत!" ती त्या आवाजापासून दूर व्हायला म्हणून बाजूला सरकली, दोन खांबांच्या मधून, आणि ओट्याची पायरी उतरून रस्त्यावर आली. रस्त्यावर माल उतरवणारा टेंपो मागे येत होता. जनरेटरच्या धडधडीत तिला तो ऐकू येत नव्हता. टेंपोवाला आरशात बघत नव्हता. ती उभी राहून कान देत होती, चुकीच्या दिशेला.

जीव जायची वेळ ती हीच. "थांब!" असं नाही, नुसतीच किंचाळले, आणि तिला धरून ओढलं. आम्ही दोघी पोत्यांवर पडलो.

बाइंडरनं दुकानात नेऊन तिच्या कपाळाला औषध लावलं. भला माणूस, सारखा म्हणत होता, "मी सांगायला हवं होतं. रोजचं झालं की दिसत नाही हो." फौजदार स्टुलावर बसून होती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मावशी, दादाला फोन लाव. येते म्हणावं."

मी फोन काढलाच नाही. बाइंडरला विचारलं, "हातानं शिलाई करणारं आणखी कोणी आहे का, इथून जवळपास?"

"आहे ना, पण तिथं कशाला? नदीकाठचं गाव आहे, डोंगराच्या पोटात. एक विधवा बाई दुकान चालवते, काम मोप आहे. पण गाव म्हणजे नुसती चढण. धडधाकट माणसं घसरून पडतात. गल्ल्या एवढ्याशा, टेंपोसुद्धा आत जात नाही. यांच्यासाठी अगदीच निरुपयोगी."

बस स्थानकावर परतीची गाडी उभी होती. फौजदार सवयीनं तिच्या दिशेनं निघाली. मी तिचा दंड धरून शेजारच्या गाडीत चढवलं.

"ही आपली नाही," ती म्हणाली. अजून तेवढं दिसत होतं.

"माहीत आहे मला. वाचता येतं."

"मावशी, मी दमले."

"दमलीस तर बस. गाडीत बसायलाच असतं."

तिनं वाद घातला नाही. त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. वाटभर ती खिडकीला डोकं टेकून होती आणि मी मनात स्वतःशी भांडत होते. काय करते आहेस तू, म्हातारे? शिडीवर डोकं आपटलेल्या पोरीला आता डोंगरावरून ढकलणार आहेस?

ते गाव बघून तर माझी खात्रीच पटली की आपलं डोकं फिरलंय. स्थानक वर, नदी खाली, आणि मध्ये सगळं गाव उतारावर टांगल्यासारखं. गल्ल्या अशा की दोन्ही भिंतींना एकदम हात लागावेत. कुठे पायऱ्या, कुठे घासून गुळगुळीत झालेला दगड. मी पहिल्याच वळणावर घसरले आणि एका खिडकीचा गज धरून लोंबकळले.

"निघू या परत," मी म्हटलं. "चुकलं माझं."

फौजदार गल्लीत उभी होती आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती, नवे बूट घालून बघतो तसं.

"नदी या बाजूला आहे," तिनं हातानं दाखवलं. नदी तिथून दिसत नव्हती.

"हो. कशावरून?"

"पाय सांगतायत. इकडे तोंड केलं की बोटांवर भार येतो, तिकडे केलं की टाचेवर. आणि आडवं उभं राहिलं की एका घोट्यावर." ती आडवी उभी राहिली. "मावशी, सपाट गावात वळलं की गेलं. कुठे तोंड आहे तेच कळत नाही. इथं जमीनच सांगते."

बाइंडिंगचं दुकान वरच्या अंगाला होतं. मालकीण माझ्याहून थोडी लहान, कंबरेत वाकलेली, बोलायला काटकसरी. तिनं फौजदारासमोर न शिवलेल्या घड्यांचा गठ्ठा, सुई आणि दोरा ठेवला आणि आपण दुसऱ्या कामाला लागली. थोड्या वेळानं येऊन शिवलेली पाठ अंगठ्यानं दाबून पाहिली. "ताण बरोबर आहे," एवढंच म्हणाली. खोलीचं विचारल्यावर खालच्या अंगाला आपल्या नणंदेच्या घरात एक आहे म्हणून सांगितलं. मग कपाळाच्या पट्टीकडे बोट दाखवून मला विचारलं, "हे काय?" मी सगळं सांगितलं. लपवून काय करायचं होतं?

"मग चालून बघा," ती म्हणाली. "पण नदीच्या पायऱ्यांकडे जाऊ नका. त्यांना कठडा नाही. खाली डोह आहे."

वाट अशी होती: दुकानापासून उतारानं खाली, मग एक सपाट आडवी गल्ली लागते, तिनं डावीकडे, मग पुन्हा खाली आणि खोली. दोन-तीन खेपा उघड्या डोळ्यांनी घातल्या. दुपारी फौजदारानं स्कार्फ बांधला. कपाळाच्या जखमेवर तो बसताना तिनं ओठ आवळले.

ती उतरायला लागली. सावकाश, एक हात भिंतीवर. कोणी भांडी घासत होतं, कोणाचा रेडिओ चालू होता, एका दारातून बाईनं विचारलं, "काय हो, काय शोधताय?" फौजदार म्हणाली, "काही नाही, शिकतेय." सपाट गल्ली जवळ आली. आणि तिथं ती चुकली. गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी ओली चादर आडवी वाळत घातली होती. तिच्या तोंडाला ती लागली, ती चादर चुकवायला खाली वाकून पुढे गेली आणि सपाट दगड एका ढांगेतच ओलांडून बसली. पुढे नदीच्या पायऱ्यांची वाट.

मी चादरीपाशीच थांबले. ओरडायचं का? जीव जायची वेळ झाली होती का? अजून नाही. पायऱ्या थोड्या पुढे होत्या. अजून एक पाऊल. अजून एक. खालून पाण्याचा गार वारा येत होता, मला इथं वर लागत होता. फौजदार थांबली. पाय उचलून पुढचा दगड चाचपला, मान वर करून वारा घेतला. मग दोन्ही हात भिंतीला लावून वळली. आणि चढायला लागली. तळव्याखाली जमीन सपाट झाली तशी थांबली, चादर हातानं बाजूला सारली, आणि आता बरोबर त्या सपाट गल्लीत शिरली.

खोलीच्या दारात ती पोचली तेव्हा मी पायरीवर बसूनच घेतलं. "झालं," मी म्हटलं. "फौजदार, झालं बरं का. चुकलीस आणि आपली आपण सापडलीस."

तिनं स्कार्फ काढला. चेहरा पांढराफटक होता. "काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तू चादरीपाशी थांबलीस."

"मग?"

"तुझ्या चपला, मावशी. फट् फट् वाजतात. त्या एकदम थांबल्या. म्हणून मला कळलं की मी चुकले. वारा नंतर लागला." ती दाराच्या चौकटीला टेकली. "आणि त्या बेकरीच्या गावातही तेच. तू जिन्यापाशी पावलं हळू केलीस. मी म्हणत राहिले पावाचा वास. मी एकटी कुठेच चालले नाही. प्रत्येक वेळी तूच चालवत होतीस मला, पायांनी."

मी माझ्या पायांकडे पाहिलं. एवढं तोंड बंद ठेवलं, आणि बोलल्या कोण, तर चपला.

"पुन्हा जाते," ती म्हणाली. "खोली ते दुकानाचं दार, तिथून कडी न वाजवता खोली, परत दुकान; तेव्हा कडी वाजवेन. तू वर जाऊन दुकानात बस. दार लावून."

"आणि पायऱ्या?"

"पायऱ्या आहेतच."

"कठडा नाही त्यांना! तू पोहू शकत नाहीस!"

"मावशी." तिनं माझा हात धरला. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा तिनं आपणहून धरला. "तू काही जन्मभर माझ्या मागून चालणार नाहीस. आज नाही जमलं तर मी दादाकडे जाते, खुर्चीत बसते, आणि कधी तक्रार करणार नाही. पण मला कळायला हवं. अंदाजानं नको. कळायला हवं."

मी वर गेले. तिच्यासमोर नाही म्हणता येत नाही हे एक, आणि तिचं खरं होतं हे दुसरं. मालकिणीनं दार लावलं. बाहेरचं काही दिसत नव्हतं. कोपऱ्यात कटिंग मशीन, भिंतीला पुठ्ठ्यांची चळत, खळीचा आंबूस वास. मालकीण घड्या घालत होती. तिनं माझ्यापुढे चार कागद सरकवले, हात रिकामे राहू नयेत म्हणून. मी एक घडी घातली ती वाकडी गेली. दुसरीही. तिनं ते कागद काही न बोलता काढून घेतले.

वेळ जाता जात नव्हता. खालून कोणीतरी ओरडलं. मी उठून दाराशी गेले.

"भाजीवाला आहे," मालकीण म्हणाली.

पुन्हा बसले. भावाचा फोन वाजला. काय सांगू त्याला? तुझी बहीण डोळे बांधून डोहाच्या काठानं फिरतेय आणि मी दार लावून बसलेय? मी फोन उलटा ठेवला. तो वाजत राहिला. मग गप्प झाला. मग तर जास्तच शांत वाटायला लागलं. एका माणसाला यायला जेवढा वेळ लागावा त्याच्या कितीतरी पुढे वेळ गेला होता. मी चपला काढून हातात घेतल्या. म्हटलं, अनवाणी जाऊन नुसतं बघून येते, तिला कळणार नाही. मालकिणीनं मान वर केली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी चपला खाली ठेवल्या.

तेवढ्यात बाहेर काठी वाजली. दारावर नाही, शेजारच्या भिंतीवर. ती एक दार पुढे गेली होती. थांबली. परत आली. हात दारावरून फिरला, कडी सापडली, आणि तिनं ती वाजवली.

मालकिणीनं दार उघडलं. फौजदार घामानं निथळत होती. कोपर खरचटलं होतं, सलवारीचा गुडघा फाटला होता, डोळ्यांवर स्कार्फ तसाच.

"चुकले होते," ती म्हणाली. "खाली जाताना पण, वर येताना पण. एकदा तर कोणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरले, त्या बाईनं पाणी दिलं. पायऱ्यांपर्यंत गेले होते. वरच्या पायरीवर बसून बघितलं, किती खोल उतरतात ते. आता माहीत झालंय, त्यांच्या आधी दगड बदलतो. खडबडीत होतो." तिला दम लागला होता. "चुकलं की वर चढायचं. सपाट लागलं की ती गल्ली. दर वेळी लागलीच."

"बस जरा," मी म्हटलं.

"बसते. दादाला मी फोन करते, तू करू नकोस, तू उगाच रडशील." तिनं स्कार्फ सोडला नाही. काठी दाराच्या कोपऱ्यात उभी केली आणि हात पुढे करून टेबलाची कड शोधली. हात लहान मुलासारखे नव्हते या वेळी. कडेवरून सरकत, मोजमाप घेत चालले होते.

"खळीचं भांडं कुठे ठेवता?" तिनं मालकिणीला विचारलं.

"जिथं हाताशी येईल तिथं."

"तसं चालणार नाही. एकच जागा ठरवा. आणि मग तिथून हलवायचं नाही."

मालकिणीनं भांडं उचललं, क्षणभर हातातच धरलं, आणि टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात ठेवून फौजदाराचं बोट त्याच्या काठावर नेऊन टेकवलं.